भिवरा कासारीण आणि उभ्या पोरी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे करंजदऱ्याला यायला डांबरी सडक नव्हती आणि ओढ्यावर पूलही नव्हता तेव्हा, आमच्या गावात भिवरा नावाची एक कासारीण राहत होती. तिला सगळे भिवराक्का म्हणायचे. लेकरं म्हणायची, आणि तिच्याहून थोरल्या म्हाताऱ्याही म्हणायच्या. ज्यांना ही गोष्ट ठाऊक आहे त्यांनी गुमान ऐकायचं, मधेच पुढचं सांगायचं नाही. ज्यांना ठाऊक नाही ते बहुतेक पलीकडच्या सोनवडीचे असणार. त्यांनी जरा पुढे सरकून बसावं.

भिवराक्का उंचीला ठेंगणी, अंगाने दणकट आणि तोंडाने फटकळ. बांगड्यांचा पेटारा डोक्यावर घेऊन ती वाड्यावस्त्यांवर फिरायची. बांगडी भरणं दिसायला सोपं, पण ज्याचा हात बसलाय त्यालाच ते जमतं. समोरच्या बाईची चार बोटं एकत्र दाबायची, अंगठा आत मुडपायचा, हाडाशी बांगडी अडली की क्षणभर थांबायचं, आणि हात सैल पडला की हलकेच पुढे सरकवायची. असं म्हणतात की तिने भरलेली बांगडी हातावर कधी तडकली नाही. असंही म्हणतात की डोळे बांधले तरी नुसतं मनगट धरून ती सांगायची, ही कुणाची लेक, कुणाची सून, आणि सकाळी कुणाशी भांडून आलीय. यातलं थोडं गावाने वाढवलेलं असेल. आपल्या माणसाबद्दल बोलताना आमचं गाव हात राखत नाही.

पण पुढचं वाढवलेलं नाही. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली की कळ येते. लहान पोरींतली एखादी रडते, एखादी ओठ चावून बसते, आणि एखादीला घेरी येते. भिवराक्काच्या हातात तिचा हात असायचा, म्हणून तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. तळवा गार पडायचा, मग ओला व्हायचा. नाडी मंद व्हायची. पोर जांभई द्यायची, ओठांचा रंग उडायचा, आणि ती म्हणायची, "अक्का, अंधारी आली." भिवराक्का बांगडी तिथेच सोडून पोरीला आडवी करायची आणि तिचे पाय उचलून पेटाऱ्यावर ठेवायची. आई घाबरून पदर सावरेपर्यंत पोर डोळे उघडायची, आईला ओळखायची आणि उरलेल्या बांगड्या मागायची.

भिवराक्काने दुसरंही पाहिलं होतं. तिच्या पाठचा भाऊ रावजी, त्याला फेफरं होतं. तो जेवता जेवता पडायचा, झोपेतही त्याला झटका यायचा. आधी एक चमत्कारिक ओरडणं, मग सगळं अंग ताठ, मग हातपाय एका ठेक्यात झडायला लागायचे. ओठ निळे पडायचे. थांबल्यावर तो सख्ख्या बहिणीला ओळखायचा नाही, आणि मग दिवस मावळेपर्यंत झोपायचा. झटका आला की शेजारपाजारचे चप्पल हुंगवायला धावायचे, दातांत पळी घालायला धावायचे. त्यात त्याचा पुढचा दात पडला. पण ह्या पोराला एकट्याने पाण्यात उतरू देऊ नये, एवढं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. एक दिवस तो डोहावर आंघोळीला गेला आणि तिथेच त्याला झटका आला. भिवराक्का तेव्हा परकरातली पोर होती. त्या धावणाऱ्या माणसांचा राग तिने जन्मभर जपला.

आता आमच्या उंबराई देवीच्या जत्रेचं सांगायला हवं.

चैत्रात जत्रा भरते. सकाळी देवीची पालखी ओढ्यावर आंघोळीला जाते आणि सगळ्या शिवाराला वळसा घालून उन्हं डोक्यावर आल्यावर परत येते. ती येईपर्यंत देवळापुढे लहान पोरींनी दोन रांगा धरून उभं राहायचं, अशी तेव्हाची रीत होती. अनवाणी पाय, पोटात अन्न नाही, डोक्यावर पाण्याने भरलेला तांब्याचा कळस. त्यांना उभ्या पोरी म्हणायचे. उभ्या पोरीत नाव लागणं हा मोठा मान होता, आणि त्याला एक नेम होता. कळस डोक्यावर चढला की ती देवीची पोर, आणि देवीची पोर भुईला लागायची नाही.

म्हणून एखादी पोर उन्हाने, भुकेने लटपटली की तिच्या चुलत्या-मावश्या दोन्ही बाजूंनी तिच्या काखेत हात घालून तिला उभीच धरायच्या. पोर शुद्धीत नसायची, मान लोंबायची, तरी उभी. आणि तशी उभी धरली की थोड्याच वेळात तिचे हातपाय उडायला लागायचे, डोळे फिरायचे, कधी परकर ओला व्हायचा. मग गर्दीतून कुणीतरी म्हणायचं, फेफरं. तेवढा एक शब्द पुरायचा. पालखी टेकली की सुभानबा भगत निखाऱ्यातला तापला विळा काढायचा आणि पोरीच्या कपाळाला डाग द्यायचा. त्यानंतर ती विहिरीवर जायची नाही, चुलीपुढे बसायची नाही, आणि तिला मागणी घालायला कुणी यायचं नाही.

गावात ठकू म्हणून एक बाई होती. लहानपणी तिला असाच डाग मिळाला होता. ती म्हातारी व्हायला आली तरी भावाच्या घरात, पदर भुवयांपर्यंत ओढून, एका कोपऱ्यात असायची. भिवराक्काने तिच्या हातात वर्षानुवर्षं बांगड्या भरल्या. त्या एका दिवसानंतर ठकूला कधी झटका आलेला कुणी पाहिला नव्हता. डागाचा गुण आला, असं लोक म्हणायचे. भिवराक्काला ते पटायचं नाही, पण ठकूला पडताना तिने पाहिलं नव्हतं. जत्रेत कासारांची दुकानं खाली ओढ्याच्या काठाला मांडत, देवळापासून लांब. वरचं तिला ऐकूनच ठाऊक. आणि न पाहिलेल्या गोष्टीवर पैज लावणाऱ्यांतली ती नव्हती.

मग एका वर्षी ओढ्याचा काठ खचला, आणि कासारांची दुकानं वर देवळासमोर आली.

त्या वर्षी उभ्या पोरींत सारजाची वैजंता होती. सारजाला बऱ्याच नवसांनी झालेली ती एकुलती एक लेक. सकाळी भिवराक्कानेच तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. हात उबदार होता, नाडी ठणठणीत होती, आणि पोर अखंड बडबडत होती. दुपारी, पालखी अजून शिवारातच असताना, वैजंताने मोठी जांभई दिली. भिवराक्काने समोरून पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम उभा राहिला, कळस तिरका झाला आणि ती गुडघ्यांतून मोडली. दोन चुलत्यांनी तिला वरच्या वर धरलं, जशी रीत होती तशी. पोर लोंबत राहिली, आणि तिचे हात उडायला लागले.

ही गोष्ट भिवराक्का पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होती, आणि पाहता पाहता तिला सगळं कळलं. समोरच्या गिऱ्हाइकाचा हात सोडून ती उठली. मांडलेल्या बांगड्यांच्या माळा ओलांडायच्या सोडून तिने त्या तुडवल्या. कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दिवशी तिच्या पुष्कळ बांगड्या वाढल्या.

"खाली घ्या तिला," ती म्हणाली.

"देवीची पोर भुईला लागत न्हाई, अक्का," मोठी चुलती म्हणाली. ती सोडेना.

तेव्हा भिवराक्का त्या तापलेल्या मातीत फतकल मारून बसली आणि तिने दोन्ही पाय लांब पसरले.

"भुईला कोण लावतंय? माझ्या मांडीवर द्या. मी काय भुई हाय?"

नेमात मांडीचं काही आलेलं नव्हतं. चुलतीने पोर भिवराक्काच्या मांडीवर आडवी ठेवली. भिवराक्काने सारजाला जवळ ओढलं, पोरीचे पाय उचलून आईच्या खांद्यावर टेकवले आणि भोवतीच्या गर्दीला म्हणाली, "वारा येऊ द्या, मढ्याभोवती जमल्यागत जमू नगा." पोरीचे हात थांबले. ओठांवर रंग आला. वैजंताने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, माझा कळस सांडला का गं?"

सारजा रडायला लागली. पण विळा निखाऱ्यात होता, आणि सुभानबा भगत गर्दीतून पुढे आला.

सुभानबा दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही लगेच त्याला शिव्या द्याल. तो उंच, पांढऱ्या दाढीचा, शब्दाचा पक्का माणूस होता. डाग दिला नाही तर पोर वाचत नाही असं त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं, आणि दर डागानंतर तो स्वतः उपास धरायचा.

"भिवरा," तो म्हणाला, "पोरगी शुद्धीवर आली त्यात नवल न्हाई. फेपऱ्याची माणसं बी शुद्धीवर येत्यातच. झटकं आलेलं साऱ्या गावानं बघितलंय. पालखी टेकली की डाग. आज न्हाई दिला अन् उद्या ही पाण्यात बुडाली, तर तू येणार हायस का काढायला?"

हा घाव बरोबर बसला. सगळ्या गावाला रावजीची गोष्ट ठाऊक होती. भिवराक्का वैजंताच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "सुभानबा, फेपरं मी माझ्या घरात बघितलंय, तुमच्यापेक्षा जवळून. माझा भाऊ निजला असंल तरी त्येला यायचं. पडताना वरडायचा, अंग ताठ व्हायचं, जीभ कडंनं चावलेली असायची. थांबल्यावर मला म्हणायचा, तू कोण? ह्या पोरीनं डोळं उघडलं अन् कळस इचारला. ही भोवळ हाय. ऊन, भूक अन् ताटकळत उभं ऱ्हाणं."

"मग हातपाय का उडालं?"

"तुम्ही उभी धरली म्हणून. भोवळ आलेलं माणूस पडतंय ते बऱ्यासाठी पडतंय. आडवं झालं की रगत डोस्क्याकडं जातंय. तुम्ही त्येला पडूच देत न्हाई, मग अंग झडतंय. ते झटकं देवीचं न्हवं अन् फेपऱ्याचं बी न्हवं. ते आपलं हायत, आपणच आणल्यालं."

असं कुणी कधी बोललं नव्हतं. सुभानबा म्हणाला, "बोलायला काय, कुणी बी बोलंल. दाखीव."

भिवराक्काने वैजंताला सारजाच्या मांडीवर दिलं आणि ती उठून रांगेपाशी गेली. उरलेल्या पोरी भेदरून उभ्या होत्या. असं म्हणतात की त्या वेळी जत्रेतले ढोल आपोआप थांबले, पाळण्यावरची पोरं खाली उतरली आणि देवळापुढच्या उंबरावरचे पक्षीसुद्धा ऐकायला लागले. भिवराक्काने डोळे मिटले आणि एकेकीचा हात हातात घेत ती रांगेतून चालली. "ही धडधाकट हाय. ही रडवेली हाय, पर पडायची न्हाई. हिच्या आईला बोलवा, हिला मांडीवर घ्या." ती आई धावत आली आणि पोरीला मांडीवर घेऊन बसली. अशी ती रांगेच्या टोकाला पोचली. तिथला हात हातात घेतला आणि ती थांबली.

"सुभानबा," डोळे न उघडता ती म्हणाली, "ही तुमची हौसा हाय."

हौसा ही सुभानबाची नात. मुलगा आणि सून एकाच साथीत गेल्यावर त्याने तिला एकट्याने वाढवली होती. म्हाताऱ्याला ह्या जगात दुसरं कुणी नव्हतं.

"हिचा तळवा गार हाय अन् वला हाय. आत्ताच्या आत्ता आडवी करा."

"माझी नात पडायची न्हाई," सुभानबा म्हणाला. "भगताच्या घरची हाय ती."

भिवराक्काने वाद घातला नाही. तिने फक्त हौसाच्या डोक्यावरचा कळस उतरवून आपल्या कडेवर घेतला. हौसा म्हणाली, "आज्जा, कानात कायतरी वाजतंय," आणि कोसळली.

सुभानबाने झेप घेतली. इतक्या वर्षांची सवय हातांत होती. त्याने नातीच्या काखेत हात घातले आणि तिला उभी धरली. हौसाची मान मागे पडली, पाय मातीवर लोंबायला लागले, आणि मग तिचे हात उडू लागले, अगदी वैजंताचे उडाले होते तसे. साऱ्या गावाची नजर म्हाताऱ्यावरून निखाऱ्यांकडे गेली आणि पुन्हा म्हाताऱ्यावर आली. त्याने स्वतःच्या हातांनी आजवर किती कपाळं डागली होती, आणि आता पुढचं कपाळ त्याच्या छातीशी होतं.

भिवराक्का तेव्हा "बघा, म्या म्हटलं न्हवतं?" असं म्हणू शकली असती. तिच्या तोंडाचा फटकळपणा पाहता ते शोभूनही दिसलं असतं. पण ती जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, खाली घ्या."

सुभानबाने नातीला खाली घेतलं. मांडीवर घ्यायचंही त्याला सुचलं नाही. त्याने देवीच्या पोरीला सरळ भुईवर ठेवलं, देवीच्या दारात, सगळ्या गावासमोर. भिवराक्काने तिचे पाय उचलून धरले. हात थांबले, गालांवर रंग आला, आणि हौसाने डोळे उघडून विचारलं, "आज्जा, पालखी आली का?"

म्हातारा तिच्याशेजारी मातीत बसला. मग त्याने भिवराक्काच्या कडेवरचा कळस मागून घेतला, उठला आणि तो सगळाच्या सगळा निखाऱ्यांवर ओतला. असं म्हणतात की विळा सकाळपासून निखाऱ्यात असूनही तापलाच नव्हता, तो नदीतल्या गोट्यासारखा गार निघाला, कारण देवीची इच्छाच नव्हती. मला विचाराल तर विळा चांगला लालभडक होता आणि म्हाताऱ्याने तो आपल्या हाताने विझवला. आमच्या गावाचा मोठेपणा त्यात जास्त आहे.

तेवढ्यात पालखी आली. भोई पाहतात तो काय, एकही पोर उभी नाही. एव्हाना उरलेल्या आयांनीही आपापल्या पोरी मांडीवर घेतल्या होत्या, कळस पुढ्यात ठेवले होते. भोई गोंधळून जागच्या जागी थांबले. सुभानबा हात उंचावून म्हणाला, "बसा रं सारी. देवी बी उन्हातनं दमून आलीया, तिला काय आपल्याला उभं ठिवायची हौस हाय व्हय?" आणि सारं गाव बसलं. असं म्हणतात की त्या क्षणी पालखी भोयांच्या खांद्यावर फुलाएवढी हलकी झाली. काहींनी तर त्या दिवशी उंबराला फूल आलेलं पाहिलं म्हणे. उंबराचं फूल पाहणारी माणसं एका गावात एवढी सापडणं हाही चमत्कारच म्हणायचा.

इथे गोष्ट संपवली असती तर आम्हालाही सोपं गेलं असतं. सोनवडीचे लोक इथेच संपवतात. पण भिवराक्काला आम्ही जो मान देतो तो पुढच्या गोष्टीसाठी देतो.

झालं असं, की त्या जत्रेनंतर गावाला भोवळ हा शब्द फार आवडला. कुणाचंही पोर पडलं की लोक हसून म्हणायचे, काही नाही, भोवळ आहे, पाय वर करा. मग एके सकाळी कोंडाबाई कुंभारीण आपल्या म्हादूला घेऊन भिवराक्काच्या दारात आली. म्हादू आठ-नऊ वर्षांचा, गोड हसणारा पोरगा. कोंडाबाई मोठ्या आनंदात होती. इतके दिवस तिने पोराचं पडणं घरात दडवून ठेवलं होतं.

"अक्का, म्हादूला बी भोवळच हाय," ती म्हणाली. "तेवढं तुझ्या तोंडानं गावात सांग म्हंजे झालं."

"पडला तवा काय करत हुता?"

"चाकाशेजारी बसून भाकरी खात हुता."

"घाम आला? अंधारी आली म्हणाला?"

"न्हाई. एकदम वरडला अन् ताठ झाला."

"उठल्यावर?"

कोंडाबाई अडखळली. "मला मावशी म्हणाला. मग झोपला, ते पार सांच्यापतूर."

भिवराक्काने म्हादूचा हात हातात घेतला. तो हात उबदार होता, कोरडा होता, आणि रावजीच्या हातासारखा होता. जत्रेत सगळ्या गावासमोर न डगमगलेली बाई तिथे उंबऱ्यावर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "कोंडे, ही भोवळ न्हवं. हे फेपरं हाय."

कोंडाबाई चवताळली. "दुसऱ्यांच्या पोरी सोडवल्यास अन् माझ्याच पोराच्या कपाळी हे?"

"तुझ्या मनासारखं बोलले तर तू हसत घरला जाशील, अन् पोरगं एकटंच डोहावर जाईल," भिवराक्का म्हणाली. "मला एक भाऊ पुरला. फेपरं म्हंजे पाप न्हवं, कुणाची करणी न्हवं. खोकल्यागत, तापागत एक दुखणं हाय. दुखण्याला वैद्य लागतो. चल, मी येते."

पण लगेच गेली नाही. कोंडाबाईकडून नुसतं ऐकलेलं वैद्याला सांगणं तिला पटेना. ती पेटारा घेऊन कुंभाराच्या अंगणातच बसायला लागली. गावच्या बायका बांगड्या भरायला तिथेच यायच्या. एके दिवशी म्हादूला तिच्यासमोर झटका आला. कुणीतरी चप्पल आणायला धावलं, तिने त्याला जागेवर बसवलं. कुणी पळी आणली, तिने ती अंगणाबाहेर फेकली. जवळचं मडकं दूर सारलं, पोराच्या डोक्याखाली आपला पदर दिला, हातपाय दाबून धरू दिले नाहीत, आणि झडणं थांबल्यावर त्याला कुशीवर वळवलं. आणि सगळा वेळ ती पाहत राहिली. आधी कोणता हात, मान कुठे वळली, किती वेळ, उठल्यावर काय बोलला.

मग ती कोंडाबाई आणि म्हादूला घेऊन बाजारगावच्या वैद्यांकडे गेली. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, "बाई, रोगी माझ्याकडे येतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं. पोर पडताना मला कधीच दिसत नाही. लोक सांगतात, पडला आणि हातपाय झाडले, आणि तेवढ्यावर मी काय ठरवू? तुमच्यासारखं डोळ्यांनी पाहून सांगणारं माणूस भेटलं तर माझं निम्मं काम होतं." त्यांनी औषध दिलं, पाण्या-आगीपासून जपायला सांगितलं. म्हादूचे झटके अगदी गेले नाहीत, पण कमी झाले, मग फारच कमी झाले. तो मोठा झाला, त्याचं लग्न झालं. भट्टी भाऊ लावायचा आणि चाक म्हादू फिरवायचा. त्याच्या हातची मडकी सोनवडीचे लोकही नावाजायचे, आणि ते फुकट कुणाला नावाजत नाहीत.

वैद्यांकडून परत आल्यावर भिवराक्का सरळ सुभानबाकडे गेली होती. "भोवळीला डाग न्हाई, तसा फेपऱ्याला बी न्हाई," ती म्हणाली. "पोरगं भोवळीचं म्हणून मी सोडवलं न्हाई. पोरगं हाय म्हणून सोडवलं." सुभानबाने त्याच संध्याकाळी देवळाच्या पायरीवर उभं राहून ते गावाला सांगितलं. मग तो ठकूच्या भावाच्या घरी गेला, तिच्यापुढे डोकं टेकलं, आणि विळा तिच्या हातात देऊन म्हणाला, "ह्याचं काय करायचं ते तू ठरव." ठकूने त्या विळ्याने मरेपर्यंत गवत कापलं, असं म्हणतात.

लोक भिवराक्काकडे लांबलांबून पोरं आणायला लागले. ती बारकाईने सगळं विचारायची. पण कुणी म्हणालं, पोरगं धावता धावता एकदम पडलं, किंवा दचकलं आणि पडलं, की ती हात मागे घ्यायची. "हे मला कळत न्हाई," ती म्हणायची. "छातीचं असंल. आजच्या आज वैद्याकडं न्या." जे कळत नाही ते कळत नाही म्हणणारी माणसं मोठी असतात, आणि आमच्या गावात असं एक माणूस होऊन गेलं.

ती गेली त्या सकाळी गावातल्या सगळ्या हातांतल्या बांगड्या आपोआप किणकिणल्या, असं म्हणतात. लहान पोरींच्या, सुनांच्या, म्हाताऱ्यांच्या. बायका हातातलं काम टाकून तिच्या दाराशी आल्या. बोलवायला कुणालाही जावं लागलं नाही.

तिचं देऊळ बांधायचं घाटत होतं, पण तिने आधीच बजावून ठेवलं होतं की माझ्या नावाने कुणाला उभं करू नका. म्हणून गावाने दुसऱ्या गोष्टी धरल्या. पोर पडताना ज्याने पाहिलं, त्याने हातातलं काम टाकून पोराबरोबर दवाखान्यात जायचं आणि पाहिलेलं सगळं सांगायचं. याला आमच्याकडे भिवराक्काची साक्ष म्हणतात. एकदा तर एक नवरदेव मुंडावळ्या बांधलेला साक्षीला गेला होता आणि मुहूर्त टळला. मुलीकडच्यांनी तक्रार केली नाही, कारण मुलगीही करंजदऱ्याचीच होती. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आमची माणसं लांबून ओळखतात. "हं, करंजदऱ्याचे आलात," म्हणतात, "सांगा आता पहिल्यापासून."

आणि उंबराईची पालखी येते तेव्हा आमचं गाव बसून असतं. आल्यागेल्याला ते विचित्र वाटतं. सगळीकडे देव आला की लोक उठतात, इथे बसतात. बाया-बापे, सरपंच-शिपाई सगळे पाय लांब करून बसतात, पोरं मधे मोकळी फिरतात. भोवळीचं पोरही असतं, फेफऱ्याचंही असतं, आणि कोण कुठलं ते कपाळावरून ओळखू येत नाही. एखादं पोर लटपटलं तर भगत पालखी जागेवर थांबवतो आणि मोठ्याने विचारतो, "मांडी कुणाची?"

सारं गाव एका आवाजात सांगतं, "भिवराक्काची."

आणि सगळ्यांत जवळ जो बसलेला असेल, तो त्या पोराला मांडीवर घेतो.